काचेच्या घरातला म्हातारा

मी लग्न होऊन नाशकात आले ती एकाहत्तर साली, भद्रकालीच्या मागच्या गल्लीत. गल्ली इतकी अरुंद की आमच्या ओट्यावर डाळ निवडता निवडता समोरच्या ओट्यावरच्या खुर्शीदाभाभीशी आवाज न चढवता बोलता यायचं. आम्ही बौद्ध, समोर अब्बासभाईंचं मुसलमान घर, कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान असलेला भिका, आणि सगळ्यांना मिळून एक नळ. ओळखी व्हायला फार दिवस लागले नाहीत.

अब्बासभाई तांब्याची भांडी घडवायचे. वडिलांचं बोट धरून लहानपणीच कारखान्यात गेलेले. कारखाना म्हणायचं खरं, पण ती एक लांबट पत्र्याची शेड होती. आत ओळीनं माणसं बसलेली, प्रत्येकापुढं ऐरण, आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तांब्यावर हातोड्यांचे ठोके. माझ्या आईनं दिलेला बंब गळायला लागला तेव्हा तो घेऊन मी तिथं गेले होते. दारातच माझे कान बधिर झाले. मी अब्बासभाईंना हाक मारली, ती माझी मलाच ऐकू आली नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, बंबाकडं पाहिलं आणि ‘ठेवून जा, परवा या’ असं हातांनीच सांगितलं. मला वाटलं, काय हुशार माणूस आहे.

त्यांचं मठाराचं काम नावाजलेलं होतं. घडवून झालेल्या हंड्यावर हातोडीनं बारीक, एकसारख्या खुणा उमटवतात, त्याला मठार म्हणतात. त्यांनी मठारलेला हंडा उन्हात ठेवला की डोळे दिपायचे. स्टीलच्या भांड्यांनी बाजार भरला तरी लग्नाच्या रुखवतासाठी लोक त्यांच्याच हातचा हंडा मागायचे.

त्या काळात ते गल्लीतले सगळ्यात बोलके गृहस्थ. संध्याकाळी भिकाच्या दुकानापुढं खोक्यावर बसायचे आणि कुणाच्याही नकला करायचे. वणीच्या यात्रेला जाणाऱ्या एसटीत कंडक्टर आणि म्हातारी यांचं भांडण ते असं करून दाखवायचे की आमचे जयरामराव हसता हसता ओटा धरायचे. जयरामराव म्हणजे माझे यजमान, पाटबंधारे खात्यात कारकून. मी महानगरपालिका व्हायच्या आधीपासून नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते. सगळे मला लताबाई म्हणत, अब्बासभाई नुसतंच ‘बाई’.

मग हळूहळू त्यांचं खोक्यावर येणं कमी झालं. आम्हाला कारण कळलं नाही. कुणी म्हणालं, कारखान्यात मुकादम झालेत, शेफारले. हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. चालता चालता बोललं तर ‘हां हां’ म्हणून हसायचे आणि पुढं जायचे. भिका एकदा चिडून म्हणाला, “मी सांगितलं, माझा बाप आजारी हाय, तर म्हणे हां हां, बरं बरं. काय माणूस हाय का कोण?”

कारण फक्त खुर्शीदाभाभीला माहीत होतं, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर नाहीच. त्यांचा चहाचा कप त्यांच्या पाठीमागं खाली पडून फुटला होता आणि त्यांनी मान वळवली नव्हती. तेव्हापासून ती त्यांच्या समोर जाऊनच बोलायची. तेही तिला समोर आली की उत्तर द्यायचे. दोघांनी मिळून हे असं चालवलं होतं, आणि त्याबद्दल एकमेकांशी एक अवाक्षर काढलं नव्हतं.

एकोणऐंशीत त्यांच्या अनवरीचं लग्न झालं, तेव्हा मात्र ते उघडकीस यायचं थोडक्यात राहिलं. मांडवात पाहुण्यांची गर्दी, लाउडस्पीकर, पोरांचा कल्ला. मुलाचे वडील मालेगावचे, मोठे अदबशीर. ते अब्बासभाईंजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, की माझी आई घरी अंथरुणाला खिळली आहे, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, म्हणून आम्हाला लवकर निघावं लागेल. अब्बासभाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि तोंडभर हसून म्हणाले, “बहोत अच्छा, बहोत अच्छा! अल्लाचं करम!”

त्या माणसाचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. भाभी धावत आली, तिनं काहीतरी सारवासारव केली. पण अब्बासभाईंना काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं. काय चुकलं ते कळत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर उत्तरही ऐकू आलं नसतं. अनवरीची पाठवणी झाली आणि त्यांनी माणसांत जाणंच सोडलं. कारखाना ते घर, घर ते मशीद. लग्नकार्यात भाभी एकटी यायची आणि ‘त्यांच्या कंबरेत भरलंय’ असं सांगायची.

चौऱ्याऐंशी साली आमच्याकडं टीव्ही आला. काळा-पांढरा, लाकडी खोक्यातला, पुढं सरकवायचं शटर असलेला. गच्चीवर जयरामरावांनी अँटेना लावला आणि गल्लीतल्या सगळ्यांनी खालून ‘डावीकडं, अजून डावीकडं’ असं ओरडून त्यांना मदत केली. रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत बसायला जागा उरायची नाही. त्या वेळी एक इंग्रजी मालिका लागायची, अंतराळात फिरणाऱ्या एका यानाची. तिचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गल्लीत तिला ‘यानवाली’ म्हणायला लागले. कानशिलांवर पांढरे केस असलेला एक कप्तान, आखूड केसांची एक बाई यान चालवणारी, आणि सारखं काही ना काही खात असलेला एक डॉक्टर. दर रविवारी ते नव्या ग्रहावर उतरायचे आणि काहीतरी संकट उभं राहायचं.

आम्हाला त्यातलं एक अक्षरही समजत नव्हतं. मी शिक्षिका, तर सगळे माझ्याकडं बघायचे. पण माझं इंग्रजी फळ्यावरचं. ती माणसं लाह्या फुटाव्यात तशी बोलायची. ‘स्टार’ आणि ‘डेंजर’ एवढे दोन शब्द पकडून मी गप्प बसायचे.

एका रविवारी भाभीनं अब्बासभाईंना जवळजवळ ओढूनच आणलं. ते दाराजवळ भिंतीला टेकून बसले. मालिका सुरू झाली. थोड्या वेळानं भिका म्हणाला, “हा दाढीवाला कोण आता? दोस्त हाय का दुश्मन?” भाभी दाराशी बसली होती. तिनं काय केलं, नवऱ्याच्या समोर झुकून, ओठ हलवून तेच विचारलं. अब्बासभाई पुन्हा पडद्याकडं बघत म्हणाले, “दुश्मन. हसतोय तोंडानं, डोळे हसत नाहीत. हा कप्तानाला फसवणार.”

आणि दाढीवाल्यानं कप्तानाला फसवलं.

त्यानंतर दर रविवारी ते येऊ लागले. आम्ही सगळे त्या खोलीत एका अर्थानं बहिरेच होतो, आणि त्यांना त्याची कितीतरी वर्षांची सवय होती. कोण घाबरलंय, कोण खोटं बोलतंय, कोण कुणावर जीव टाकतंय, ते चेहऱ्यावरून ओळखून सांगायचे. कधी चुकायचे, मग सगळे त्यांना हसायचे, तेही हसायचे. नकला परत सुरू झाल्या. डॉक्टरचं खाणं ते असं करून दाखवायचे की माझ्या हातातला चहा सांडायचा. तरी ह्या सगळ्यामागं काय आहे ते आम्हाला कळलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, माणसाला यानवालीचा नाद लागलाय.

मग तो काचेच्या घरातल्या म्हाताऱ्याचा भाग आला.

यान एका वाळवंटी ग्रहावर उतरतं. चिटपाखरू नाही. मधोमध एक काचेचं घर, आत सुकलेली झाडं, बंद पडलेली यंत्रं आणि एका खुर्चीवर एक म्हातारा. कप्तान त्याला काहीतरी विचारतो. म्हातारा उत्तर देत नाही. कप्तान पुन्हा विचारतो, मग ओरडतो, मग टेबलावर मूठ आपटतो. म्हातारा काचेबाहेर बघत राहतो. डॉक्टर त्याची नाडी बघतो आणि खांदे उडवतो. शेवटी कप्तान एक लोखंडी ताट उचलतो आणि म्हाताऱ्याच्या पाठीमागं फरशीवर जोरात आपटतो. आमच्या खोलीत दोघंतिघं दचकले. म्हातारा हलला नाही.

आणि लाइट गेली.

खोलीत एकच हाय हाय झाली. जयरामराव उठून फ्यूज बघून आले, पण सगळ्या गल्लीची गेली होती. मग वाद सुरू झाला.

“भूत हाय ते,” भिका म्हणाला. “जिवंत माणूस एवढ्या आवाजाला हलणार नाय का?”

“यंत्र असेल,” जयरामराव म्हणाले. “चावी संपलेलं.”

“त्याला त्यांची भाषा येत नसेल,” मी म्हटलं.

“अहो बाई, ताट आपटायला कसली भाषा?” भिका म्हणाला.

 भाभी नवऱ्याकडं बघत होती. अब्बासभाई विझलेल्या पडद्याकडं बघत होते. आम्ही काय बोलतोय ते त्यांना कळत नव्हतं, पण कशाबद्दल बोलतोय ते कळत असावं. एकदम ते उठून उभे राहिले आणि गरजेपेक्षा कितीतरी मोठ्या आवाजात म्हणाले, “त्याला ऐकू येत नाही!”

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडं वळल्या.

“ऐकू येत नाही त्याला,” ते पुन्हा म्हणाले. “कप्तान ओरडतोय, त्याचा काय उपयोग? ताट आपटून काय होणार? तो खिडकीकडं तोंड करून बसलाय, त्याच्या समोर यायला पाहिजे. समोर यायचं, खांद्यावर हात ठेवायचा, हळू बोलायचं. मग तो सांगेल. सगळं सांगेल.” त्यांनी आपल्या कानाला हात लावला. “मला माहीत आहे. मलाही ऐकू येत नाही.”

 भिकानं मान खाली घातली. त्याला त्याच्या बापाची गोष्ट आठवली असणार. मला मालेगावच्या व्याह्यांचा चेहरा आठवला. अब्बासभाई तसेच उभे, आता काय करावं न समजून.

खुर्शीदाभाभी उठली. दाराजवळून माणसं ओलांडत आली, त्यांच्या समोर उभी राहिली, खांद्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “चहा, घेणार, का?”

“घेणार,” अब्बासभाई म्हणाले, आणि आधी ते दोघं हसले, मग आम्ही सगळेच. भाभी हसता हसता पदरानं डोळे पुसत होती. लाइट आली तेव्हा पडद्यावर शेतीचं काहीतरी चाललं होतं. म्हाताऱ्याचं पुढं काय झालं ते कुणालाच कळलं नाही, पण त्या दिवशी कुणाला त्याची हळहळ वाटली नाही. गल्लीत शेवट ठरून गेला. कप्तान समोर आला, खांद्यावर हात ठेवला, म्हातारा बोलला.

दुसऱ्या दिवसापासून एक गंमत सुरू झाली. अब्बासभाईंशी बोलायचं तर आधी समोर जायचं, हे गल्लीला कळलं. नळावरच्या बायका त्यांना बघून आपोआप हळू बोलू लागल्या. काही जण हळू बोलण्याऐवजी इतकं तोंड वासायचे की अब्बासभाई त्यांची नक्कल करायचे. भाभीनं आणि त्यांनी मिळून हातांच्या खुणा बसवल्या. माझी खूण म्हणजे हवेत खडूनं लिहायचं. जयरामरावांची म्हणजे अँटेना फिरवायचा.

जयरामराव त्यांना सिव्हिल हॉस्पिटलात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, ठोक्यांनी कानाची नस मेली आहे, गेलेलं परत येणार नाही. खिशात ठेवायची डबी आणि कानात वायर असं एक यंत्र मिळालं. ते लावून अब्बासभाई कारखान्यात गेले आणि अर्ध्या तासात काढून आले. म्हणाले, “डोक्यात दुसरा कारखाना सुरू झाला.” मग ते फक्त घरी, अनवरी माहेरी आली की तिच्या बाळाचं रडणं ऐकायला लावायचे.

पण डॉक्टरांच्या बोलण्यातली एक गोष्ट त्यांनी धरून ठेवली. ज्यांचे कान अजून शाबूत आहेत ते वाचवता येतात. त्यांनी कारखान्यात मेणात भिजवलेला कापूस न्यायला सुरुवात केली. माणसं ऐकेनात. कान बंद करून काम करायचं म्हणजे बायकी वाटायचं, आणि ठोक्याच्या आवाजावरूनच तर पत्रा किती पातळ झाला ते कळतं, असंही म्हणायचे. सगळ्यात जास्त वाद घालायचा तो पुंजा, त्यांच्या शेजारच्या ऐरणीवरचा.

एक दिवस पुंजाची बायको भागुबाई आमच्याकडं आली. पंचवटीत राहायची, शाळेत तिची मुलगी माझ्याच वर्गात. म्हणाली, “बाई, अब्बासभाईंना सांगा ना, आमच्या ह्यांच्याशी बोलायला. काय बी बोललं तरी हो हो म्हणत्यात. पोरगी रडत व्हती, तरी हो हो.”

अब्बासभाईंनी मला नंतर सगळं करून दाखवलं. त्यांनी पुंजाला कारखान्याबाहेरच्या हॉटेलात नेलं, चहा मागवला आणि कप तोंडापुढं धरून, ओठ दिसणार नाहीत असे म्हणाले, “पुंजा, शेठनं तुला उद्यापासून कामावरून काढलंय.”

“हो हो, चांगलं झालं,” पुंजा म्हणाला.

“आणि मी तुझी सायकल विकून टाकली.”

“हो, हो.”

अब्बासभाईंनी कप खाली ठेवला आणि काय काय बोललो ते त्याला समोरून, सावकाश सांगितलं. पुंजा आधी हसला. मग हसू थांबलं. त्यानं बशी बाजूला सरकवली आणि म्हणाला, “तुला कधी कळलं?”

“तू कप पडला तरी वळला नाहीस तेव्हा,” अब्बासभाई म्हणाले. खरं म्हणजे कप पडला होता तो त्यांच्या स्वतःच्या पाठीमागं, हे भाभीनं त्यांना आता सांगितलं होतं. पण भागुबाईचं नाव निघू नये म्हणून त्यांनी ते थोडं फिरवून सांगितलं.

पुंजाचा एक कान अजून पुरता गेला नव्हता. त्यानं कापूस घातला, मग बाकीच्यांनी घातला. पुढं शेठनंच कानाला लावायच्या टोप्या आणल्या.

अठ्ठ्याऐंशीत आम्ही इंदिरानगरला राहायला गेलो. तिथं मोकळी हवा होती, गच्ची होती, पण समोरच्या ओट्यावर कुणी नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांनी मी जुन्या गल्लीत चक्कर टाकायची. यानवाली बंद होऊन बराच काळ लोटला होता. तरी भाभी पाहुण्यांना काचेच्या घरातल्या म्हाताऱ्याची गोष्ट अजून सांगायची. तिच्या बहिणीचा मुलगा रहेमान मस्कतला नोकरी करायचा. त्यानं ती दर सुटीत इतक्या वेळा ऐकली होती की तिथल्या कॅसेटच्या दुकानात त्याला ती मालिका दिसली तेव्हा त्यानं एकेक कॅसेट लावून बघितली आणि तो भाग शोधून काढला. एकोणनव्वदच्या डिसेंबरात तो सुटीवर आला तो रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेट घेऊनच.

मला निरोप आला. मी सकाळीच पोहोचले. भाभीनं शीरखुर्मा केला होता, ईद नसताना. भिका आला होता, पुंजा आणि भागुबाई आले होते. जयरामरावांना ऑफिसातून सुटी मिळाली नाही म्हणून ते चडफडत राहिले होते. अब्बासभाई टीव्हीच्या अगदी पुढं, मांडी घालून बसलेले. दाढी आता पांढरी झाली होती.

रहेमाननं मला स्वयंपाकघरात बोलावलं. “लताखाला, एक अडचण आहे,” तो म्हणाला. “मी बघितलाय हा भाग. तो म्हातारा बहिरा नाहीये.”

“म्हणजे?”

“त्याला सगळं ऐकू येतं. तो मुद्दाम उत्तर देत नाही. अब्बासखालूंना सांगायचं का? की मी खुणांनी काहीतरी वेगळंच सांगू?”

मी बाहेर, टीव्हीपुढं बसलेल्या अब्बासभाईंकडं पाहिलं. त्या म्हाताऱ्याच्या आधारानं हा माणूस उभा राहिला होता. भाभी दारात येऊन उभी होती, तिनं ऐकलं. ती म्हणाली, “खोटं नको. पुष्कळ वर्षं केलं ते. बघू दे त्यांना.”

कॅसेट सुरू झाली. यावेळी सगळं रंगीत. ग्रहाची वाळू तांबूस होती, हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं. काचेचं घर, सुकलेली झाडं, खुर्चीवरचा म्हातारा. कप्तान विचारतो, ओरडतो. रहेमान खालूंच्या बाजूला बसून खुणा करत होता, पण अब्बासभाई त्याच्याकडं बघतच नव्हते. कप्तानानं ताट उचललं. आपटलं.

“थांब!” अब्बासभाई ओरडले. “मागं घे. मागं घे.”

रहेमाननं कॅसेट मागं घेतली. पुन्हा ताट पडलं. अब्बासभाई पडद्याला नाक लावायच्या बेतात.

“पापणी हलली,” ते म्हणाले. “बघा. ताट पडलं आणि ह्याची पापणी हलली. गळ्याची शीरसुद्धा ताणली.” ते मागं वळले, आमच्या सगळ्यांकडं बघितलं. “ह्याला ऐकू येतंय!”

 रहेमाननं हळूच मान हलवली.

अब्बासभाईंचा चेहरा आधी कोरा झाला. मग तोंडाच्या कडा हलल्या आणि ते हसायला लागले. असे हसले की मांडी मोडून आडवे झाले. “अरे, म्हणजे उलटंच की!” ते म्हणत होते. “मला ऐकू येत नव्हतं आणि मी ऐकू येतंय म्हणून मान हलवत फिरत होतो. ह्या बुड्ढ्याला ऐकू येतंय आणि हा ठोंब्यासारखा बसलाय! पुंजा, बघ, बघ, आपला भाऊ!” पुंजा पोट धरून हसत होता. भाभीची भीती गेली होती, ती शीरखुर्म्याचे वाडगे भरू लागली.

हसू ओसरल्यावर अब्बासभाईंनी रहेमानला विचारलं, “पण का? का बोलत नाही तो?”

रहेमाननं समोर बसून, सावकाश सांगितलं. त्या घरात पूर्वी बरीच माणसं होती, ती एकेक करून गेली. त्यानंतर कितीतरी यानं येऊन गेली. प्रत्येकानं सांगितलं, आम्ही परत येतो. कुणी आलं नाही. मग म्हाताऱ्यानं ठरवलं, आता कुणाशी बोलायचंच नाही. बोललं की माणसाची वाट बघावी लागते.

अब्बासभाई गंभीर झाले. “पुढं लाव,” म्हणाले.

पुढं कप्तान वैतागून यानाकडं निघून जातो. ती आखूड केसांची बाई मात्र मागं राहते. ती काहीच विचारत नाही. काचेला एका ठिकाणी तडा गेलेला असतो, तिथून वाळू आत येत असते. ती गुडघ्यावर बसून तो तडा बुजवायला लागते. बराच वेळ. मग सुकलेल्या झाडांना पाणी घालते. म्हातारा बघत असतो. ती हात पुसून निघते, दारापर्यंत जाते, आणि म्हाताऱ्याचे ओठ हलतात.

“काय म्हणाला?” अब्बासभाईंनी विचारलं. “मला ओठ कळले नाहीत. इंग्रजी आहे.”

“‘तुझं नाव काय?’ म्हणाला,” रहेमाननं सांगितलं.

ती बाई मागं वळते, हसते आणि नाव सांगते. तिथं तो भाग संपला.

“मी म्हणालो होतो त्यापेक्षा हे जास्त चांगलं आहे,” अब्बासभाई म्हणाले. भिकाला ते पटलं नाही. तो म्हणाला, “आपलाच शेवट खरा, हा तर नुसता ताठा करत बसला.” दोघांची त्यावर जुंपली. भिका बोलत होता, अब्बासभाई त्याचे ओठ वाचत होते आणि मधेच त्याचा हात धरून ‘हळू बोल’ म्हणत होते. शेवटी भाभीनं दोघांच्या हातात वाडगे दिले.

दुपारी मी निघाले. भाभीला आणि अब्बासभाईंना भाजी घ्यायची होती, म्हणून आम्ही तिघं पुलावरून पंचवटीच्या बाजारात गेलो. अनवरी मुलांना घेऊन दुसऱ्या दिवशी यायची होती. भाभीला मेथी हवी होती, अब्बासभाईंना वांगी. रिक्षांचे भोंगे, भाजीवाल्यांची ओरड, मधून स्कूटरी घुसतायत, आणि त्या सगळ्या गोंधळात ही दोघं मधोमध उभी राहून हातांनी भांडत होती. तिनं मेथी उचलून त्यांच्या नाकापुढं नाचवली. त्यांनी हवेतच वांगं भाजून, सोलून, कांदा घालून, भरीत भाकरीशी खाऊन दाखवलं, बोटंसुद्धा चाटली. भाजीवाली आधी बघत राहिली, मग कंबरेवर हात ठेवून हसायला लागली. शेजारची माणसं थांबली. अब्बासभाईंनी त्यांच्याकडं बघून एक सलाम ठोकला आणि पुन्हा वांग्याकडं वळले.

भाजीवालीनं मला विचारलं, “बाई, काय म्हणतात ते?”

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, “राहू द्या, कळलं मला.” आणि तिनं तराजूच्या एका पारड्यात वांगी टाकायला सुरुवात केली. भाभीनं मेथीची जुडी बाजूला ठेवली नाही, तीही पिशवीत घातली.